कोठारातला झोका

डिंडोलीतल्या आमच्या घराला खिडकी नव्हती, कारण ते घर नव्हतंच. भाताचं कोठार होतं. मालक छगनकाकांच्या आजोबांनी बांधलेलं. पुराचं पाणी शिरू नये म्हणून कमरेएवढं जोतं, उंदरांसाठी दोन हात जाड भिंती, आणि वर मालकांनी बंद ठेवलेला सागवानी फळ्यांचा माळा. भिंतीत खाली, भात बाहेर काढायला, ताटाएवढं भोक. (आमची हवा, उजेड आणि शेजार, सगळं त्यातूनच!)

साठ-सत्तरच्या दरम्यानची गोष्ट. लग्न होऊन खानदेशातून इकडे गुजरातेत आले, त्याला चार महिने झाले होते. हे सकाळी गिरणीत जायचे, ते संध्याकाळी उगवायचे. मला गुजराती येईना, शेजारच्या जमनाबेनना मराठी. आम्ही एकमेकींकडे बघून हसायचो आणि आपापल्या दारात शिरायचो. दिवसभर मी बोलायचे ती स्टोव्हशी. (तो निदान फुरफुरायचा तरी!)

अशात आखाजी आली. आमच्याकडे या सणाला लेकी माहेरी जाऊन झोके घेतात, गाणी म्हणतात. यांना रजा मिळाली नाही.

"पुढच्या वर्षी जाऊ," हे म्हणाले.

"मग झोका मी इथंच बांधीन!"

"आणि गाण्याला साथ कोण देणार?"

"माझी मी देईन!"

हे गेल्यावर कामाला लागले. दोर मोजला, गाठी दोनदा तपासल्या, पाटावर चादर घडी करून घातली. माळ्याखाली एक जाडजूड आडवं लाकूड होतं. त्याला दोर बांधला, बसले, पाय रेटले आणि एकटीनंच गाणं सुरू केलं. पहिली ओळ संपायच्या आत लाकूड सटकलं. मी खाली, आणि माझ्यावर धो धो भात! काकांच्या वडिलांच्या वेळचा, किड्यांसकट! मी कमरेपर्यंत पुरलेली, आणि भातानं अडलेलं दार आत उघडणारं!

"बाहेर कोनी शे का व माय!" मी भोकाकडे तोंड करून ओरडले.

जमनाबेन धावत आल्या. "शुं थयुं, बेन?"

मग अख्खी गल्ली आली. मग छगनकाका. भोकाशी वाकून म्हणाले, "अरे बेन, ती तुळई नाय! माळ्याच्या झडपेचा अडसर छे! अडसर काढा, भात खाली. मारा दादानी, आजोबांची करामत!"

"काका, करामत राहू द्या, दार तोडा!"

"दार? असली सागवान छे, बेन!"

शेवटी ठरलं: मी आतून ताटानं भात लोटायचा, बायकांनी बाहेर सुपात धरायचा. भात बाहेर जाऊ लागला आणि भोकातून चहा आत आला. मागोमाग खमण. माहेर कुठलं, भाऊ किती, रडू येतं का, सगळं विचारून झालं. भाषा अडली की हातवारे. मी आखाजीचं गाणं म्हटलं, तर बाहेरून टाळ्यांचा ठेका!

"बेन, केटलुं बाकी?" जमनाबेन मधून मधून विचारायच्या.

"घणुं! घणुं!" मी ओरडायचे. (पुष्कळ! माझा पहिला गुजराती शब्द.)

संध्याकाळी हे आले. गर्दी बघून घाबरले, दाराला खांदा लावून धडक मारली आणि थेट आत येऊन आपटले. दार दुपारीच मोकळं झालं होतं, पण ते मी कुणाला सांगितलंच नव्हतं. आत मी पाटावर आरामात बसून, शेवटचा ढीग मूठ-मूठ करून, पुरवून पुरवून भोकातून बाहेर देत होते.