यमूकाकू, पान बावीस

शब्द माणसाला कधी सोडून जात नाहीत. एकोणीस वर्षांपूर्वी जालन्यात, शेजारच्या बियाण्यांच्या दुकानातल्या पोती मोजायच्या काट्यावर माझी अमेरिकेची बॅग चढवलेली असताना बाबांनी हे वाक्य गंभीरपणे उच्चारलं. बॅग दोन किलो जास्त भरली, तेव्हा त्यांनी आईने घातलेलं मेतकूट आणि लिंबाचं लोणचं बाहेर काढलं आणि उरलेल्या जागेत आपली दोनशे पानी वही सरकवली.

"शब्द खाऊन राहणार आहे का तो?" आई म्हणाली.

बाबा शाळेत इंग्रजी शिकवत. तरुणपणी ते मिशनच्या दवाखान्यातल्या एका स्कॉटिश नर्सला संध्याकाळी मराठी शिकवायला जायचे. मोबदला म्हणून त्यांनी तिच्याकडे पाठ्यपुस्तकात नसलेले शब्द मागितले. बाई स्कॉटलंडची, नर्सिंग शिकलेली इंग्लंडच्या मधल्या भागात, त्यामुळे दोन्हीकडची बोली तिच्या तोंडात होती. ती बोलायची, बाबा लिहून घ्यायचे: शब्द, अर्थ, कुठे बोलतात, मूळ काय. मूळ ठाऊक नसेल तर 'मूळ अज्ञात' असं स्वच्छ लिहायचे. आणि शेवटी मराठीत एक उदाहरण, ते मात्र आमच्याच घरातलं.

'थ्रॉन: हट्टी. मूळ अर्थ, पिळलेला. उदा. आपले भाऊकाका.' 'मार्डी: फुरंगटून बसणारी व्यक्ती. मूळ, लाडाने बिघडवलेलं मूल. उदा. यमूकाकू, विशेषतः दिवाळीत.' दोनशे पानांत आमचं अख्खं खानदान स्कॉटिश आणि इंग्रज बोलींत नोंदलं गेलं होतं आणि त्यातल्या एकालाही त्याचा पत्ता नव्हता.

निघताना बाबा एवढंच म्हणाले, "जमलं तर कुठे छापून आण. नाही जमलं तर तुझ्याजवळ असू दे."

मिशिगनमधल्या पहिल्या नोव्हेंबरात, सलग नवव्या करड्या दिवशी, मी मोठ्या विश्वासाने मॅनेजरला म्हणालो की हवा अगदी 'ड्रीख' आहे. ओलं, उदास, संपता न संपणारं. त्याने आदराने विचारलं, हा हिंदी शब्द का? तेव्हा मला पहिल्यांदा फसवल्यासारखं वाटलं. बाबांनी मला एका देशाची भाषा शिकवली होती आणि विमान दुसऱ्याच देशात उतरलं होतं. इथे सगळे 'ऑसम' म्हणत होते. त्याचं मूळ शोधायची गरज कोणाला भासत नव्हती. वही कपाटात गेली.

तुम्ही जे तिकडेच राहिलात, त्या तुम्हाला वाटतं आम्ही इकडे येऊन सगळं विसरलो. तसं नाही. आम्ही सगळं कपाटात ठेवलं आहे. इकडे आलेल्यांना ते कपाट माहीत आहे. प्रत्येकाच्या बेसमेंटमध्ये एक असतं.

माझ्या मुलीमुळे वही पुन्हा बाहेर आली. मीरा लहानपणी फुगून बसली की मी तिला मार्डी म्हणायचो. ती म्हणायची, "आय अ‍ॅम नॉट मार्डी, डॅड." म्हणजे शब्द जगला होता. यमूकाकू मात्र तिने कधी पाहिली नाही. तिच्या दृष्टीने काकू म्हणजे शब्दाचा एक अर्थ.

मीराच्या तोंडून तो शब्द सुधीरच्या मुलीने उचलला. सुधीर माझा कॉलेजचा मित्र. आम्ही एकाच वर्षी मिशिगनमधल्या नोव्हाय गावी आलो, पहिली दोन वर्षं एका अपार्टमेंटमध्ये राहिलो, एकाच गाडीवर ड्रायव्हिंग शिकलो. त्याच्या मुलीला शाळेत घरातल्या जुन्या वस्तूवर प्रोजेक्ट करायचं होतं आणि त्यांच्या घरात आयकियाच्या आधीचं काही नव्हतं. मी वही दिली. दोन आठवड्यांनी ती परतही आली. इतकं सभ्य होतं सगळं.

त्यानंतर तिसऱ्या वर्षी आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीच्या स्मरणिकेचं काम निघालं. मास्तरांचा मुलगा म्हणून मुद्रितशोधन दरवर्षी माझ्याकडे असतं. संपादक सुनंदामावशी, निवृत्त डॉक्टर, सगळे लेख एकत्र मला पाठवतात. त्यातला तिसरा लेख होता, 'विस्मृत शब्दांच्या शोधात: एक चिंतन'. लेखक सुधीर. पान बावीसवर थांबलो. 'मार्डी. उदा. आमची यमूकाकू, विशेषतः दिवाळीत.'

शब्द कोणाच्या मालकीचे नसतात, हे मला मान्य आहे. पण काकू?

मी त्याला फोन केला.

"अरे यार, मी सांगणारच होतो," तो म्हणाला. "तू काय करणार होतास त्या वहीचं? कपाटातच ठेवणार ना? मी लोकांपर्यंत पोचवलं."

"यमूकाकू कोण?"

"कोण यमूकाकू?"

"तुझी. पान बावीस."

त्याच्या गाडीच्या इंडिकेटरची टिकटिक ऐकू आली. मग तो म्हणाला, "काकू सगळ्यांनाच असते रे."

आणि त्याने वचन दिलं. लेखाच्या शेवटी ऋणनिर्देश टाकतो, तुझ्या बाबांचं पूर्ण नाव, जालन्यासकट. "ट्रस्ट मी."

लेखकाच्या नावाला हात लावायचा अधिकार मुद्रितशोधकाला नसतो, असा आमचा नियम आहे. निदान मी स्वतःला तसं सांगितलं. खरं म्हणजे मावशींना एक फोन पुरला असता. पण वीस वर्षांची मैत्री, गणपती चार दिवसांवर, उगाच मंडळात तमाशा कशाला. 'स्विदर' नावाचा शब्द आहे वहीत, दोन गोष्टींत मन घुटमळणं. बाबांनी त्याच्यापुढे 'मूळ अज्ञात' लिहिलं होतं. सुधीरला अज्ञात हे कमीपणाचं वाटलं असावं. त्याने 'मूळ संस्कृत' केलं होतं. ते मी खोडलं आणि 'अज्ञात' केलं. नंतर पुढची चूक दिसली, ती सुधारली. मग त्याच्या पुढची. दोन संध्याकाळी बसून मी तो लेख बाबांच्या वहीशी शब्दन् शब्द ताडून पाहिला. माझ्या वडिलांच्या वहीची चोरी झाली होती आणि ती निर्दोष व्हावी म्हणून मी झटत होतो.

स्मरणिकेचं प्रकाशन आरतीनंतर झालं. सुधीरने झब्बा घातला होता. आपण भाषेचे केवळ वारकरी, असं तो माइकवरून म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या, कारण हात मोकळे होते. मग शेवटचं पान उघडलं. ऋणनिर्देश होता. 'काटेकोर मुद्रितशोधनाबद्दल' माझे आभार मानले होते. बाबांचं नाव नव्हतं. जालनाही नव्हतं.

"जागा नव्हती रे," सुधीर मोदकाची प्लेट घेऊन जवळ येत म्हणाला. त्या पानाचा खालचा अर्धा भाग कोरा होता.

मंडळ स्मरणिका वेबसाइटवरही टाकतं. रविवारी सकाळी बाबांना फोन लावला. ते आता शहाऐंशी वर्षांचे आहेत, दिसतं कमी. माझी बहीण नंदा त्यांच्याजवळ राहते, तीच त्यांना टॅबवरून वाचून दाखवते.

"नंदाने वाचला," बाबा म्हणाले. "सगळा. दोनदा वाचून घेतला."

मी समोरची स्मरणिका मिटली.

"छान छापलंय. आणलंस शेवटी छापून." ते म्हणाले. "नाव तेवढं चुकलंय."

"हो, बाबा."

"होतं असं छापखान्यात. प्रुफं कोणी पाहिली होती?"

"मी."

आता रागावतील, असं मला वाटलं. रागावले असते तर बरं झालं असतं. सुधीरला क्षमा कशी करायची नाही, ते मला ठाऊक आहे. त्याने माझ्याकडून वही नेली होती. मला सोपवली होती ती बाबांनी, आणि एकोणीस वर्षांत मी त्यांच्यासाठी एक पान छापू शकलो नव्हतो. सुधीरला वही दोन आठवडे पुरली होती.

"बाकी चुका नाहीत," बाबा म्हणाले, आणि त्यांनी फोन नंदाकडे दिला.

घर म्हणजे काय, हा प्रश्न इकडे आलेल्या प्रत्येकाला कधीतरी पडतो आणि शक्यतो तो स्मरणिकेच्या वेळेला पडतो. मलाही पडला. जिथे आपल्या माणसांची नावं कोणाला समजावून सांगावी लागत नाहीत, ते घर, असं एक वाक्य मी तयार केलं. वाईट नाही. मग लक्षात आलं, या हिशेबाने माझं घर जालन्यात एका कमी दिसणाऱ्या माणसाजवळ आहे, त्या माणसाचं नाव मला योग्य ओळीवर घालता आलं नाही, आणि या देशात ती नावं माझ्याखेरीज ठाऊक असलेला दुसरा एकच माणूस आहे, सुधीर.

त्याच्याशी मी आता बोलत नाही. बर्फात गाडीला बदलून घालायचे माझे चारही टायर त्याच्या गराजमध्ये आहेत, आणि गुरुवारपासून बर्फ सांगितला आहे.