मिठाच्या डब्याची सुतळी

दुर्गाघाटाच्या गल्लीत काकू एकट्या राहतात. यजमान आधीच वारले होते, पन्नाशीत काकूंची नजरही गेली. अशा माणसांना आपल्याच घरी राहता यावं म्हणून इथे एक संस्था काम करते. तिच्याकडून मी रोज सकाळी दोन तास काकूंकडे जाते. पहिल्या दिवशी संस्थेच्या दीदींनी एवढंच सांगितलं होतं, "काम उनको करने देना. तुम बस पास रहना." मला ते सोपं वाटलं. गप्प बसणं मला लहानपणापासून येतं.

काकूंच्या फळीवर प्रत्येक डब्याला सुतळी बांधलेली असे. एक गाठ साध्या मिठाची, दोन गाठी उपासाच्या सैंधवाच्या, तीन साखरेच्या. बोटं फिरवून त्या नेमका डबा काढायच्या.

त्या एकादशीला त्यांचा धाकटा भाऊ नागपूरहून येणार होता. ताईला कायमचं घेऊन जायला. काकूंना जायचं नव्हतं. "तिथे मला पलंगावर बसवतील आणि हातात चहा देतील," त्या म्हणाल्या. "मरेपर्यंत पाहुणी!"

घर नीट दिसावं म्हणून, त्या सकाळी काकू पूजेला बसल्या असताना मी सगळे डबे घासले. तेलकट, काळ्या पडलेल्या सुतळ्या कापून टाकल्या. नव्या बांधणार, तेवढ्यात दाराची कडी वाजली.

भाऊ आला तो स्वयंपाकघरातच येऊन बसला. काकू खुशीत होत्या. "थांब, खिचडी माझ्या हातची खाशील," म्हणाल्या. साबुदाणा भिजलेला होता, त्यांनी जिरं-मिरची फोडणीला टाकून तो परतायला घेतला. मग हात फळीवर गेला. बोटं डब्यावरून फिरली, पुन्हा फिरली. मला सांगायचं होतं, पण परक्या पुरुषासमोर माझा आवाज फुटत नाही. त्यांनी एक डबा अंदाजाने उचलला आणि चमचा भरला.

"अगं ताई, थांब!" भावाने त्यांचा हात धरला. "हे साधं मीठ आहे. एकादशीला?"

काकूंनी चमचा खाली ठेवला.

"म्हणूनच म्हणतो ना," तो हळूच म्हणाला. "आज मीठ, उद्या गॅस. सामान बांध."

खिचडी खाली लागू लागली होती. मी गॅस बंद केला, आणि मग बोलले. कशी, ते मलाही कळलं नाही.

"दादा, चूक काकूंची नाही. गाठी मी काढल्या. डबे चांगले दिसावेत म्हणून."

"कसल्या गाठी?"

काकू एकदम हसल्या. "वेडी गं! मला काय त्यांचं रूप दिसणार होतं? आण ती सुतळी."

मी डबे एकेक करून हातात दिले आणि कशात काय आहे ते सांगितलं. गाठी त्यांनी स्वतः मारल्या. भाऊ बघत राहिला. मग त्यांनी फळी चाचपली, दोन गाठींचा डबा काढला आणि सैंधव घातलं. खिचडी थोडी करपली होती. भावाने दोनदा वाढून घेतली.

द्वादशीचं पारणं करून तो एकटाच निघाला. उंबऱ्यावर चपला घालताना मला म्हणाला, "पुन्हा डबे घासाल तेव्हा..."

"काकूंना विचारून," मी म्हटलं.

आतून काकू ओरडल्या, "आणि तूही पुढच्या वेळी विचारून ये रे! मी घरी असते का बघून!"