तापमानाचा लाल दिवा

आमच्या जुन्या गाडीत इंजिनच्या तापमानाचा लाल दिवा लागायला लागला, तेव्हा बाबा म्हणाले, "सेन्सर गेला असेल. इंजिन ठणठणीत आहे." एकलहऱ्याच्या वीज केंद्रात त्यांची सगळी नोकरी बॉयलरवर झाली होती, म्हणून मी त्यांचं ऐकलं. सातपूरच्या गॅरेजमध्ये नवा सेन्सर बसवला आणि दिवा विझला. बाबांना पेठला आत्याकडे जायचं होतं. ती अंथरुणाला खिळली होती, आणि बाबांच्या गुडघ्यांना एसटी झेपत नव्हती.

पेठच्या घाटात दिवा पुन्हा लागला. बॉनेट उघडलं तर वाफेचा लोट अंगावर आला. एका टेम्पोला बांधून गाडी परत गॅरेजमध्ये आणावी लागली.

मेकॅनिकने इंजिन चालू करून रेडिएटरमध्ये पाहिलं. पाण्यात बुडबुडे येत होते.

"काका, इंजिनच्या हेडला तडा गेलाय. याचे पार्ट आता कुठे मिळत नाहीत."

"सेन्सर एकदा परत बघता का?" बाबांनी विचारलं.

मेकॅनिकने माझ्याकडे बघून इंजिन बंद केलं.

घरी येऊन बाबांनी आत्याला फोन लावला. तिला बोलता येत नव्हतं, आतेभावाने फोन तिच्या कानाशी धरला. "गाडीचं थोडं काम निघालंय, उद्या येतोच," ते मोठ्याने सांगत राहिले.

मी सकाळसाठी भाड्याची गाडी सांगितली. ती यायच्या आधीच पेठहून आतेभावाचा फोन आला. बाबा आतल्या खोलीत शर्टाला इस्त्री करत होते. फोन ठेवून मी दारात उभा राहिलो, पण आत जाववेना.