टाकीवरचा चंद्र

दिवाळीनंतर बेळगावात आम्हा प्राथमिक शिक्षकांचं प्रशिक्षण झालं. विषय होता, निसर्गात पुन्हा पुन्हा घडणाऱ्या गोष्टी. दिवस-रात्र, ऋतू, चंद्राच्या कला हे सगळं मुलांना निरीक्षणातून शिकवा, पुस्तकातून नको, असं आम्हाला दिवसभर पुस्तकातून वाचून दाखवण्यात आलं. पडद्यावरचं आकाश नीट दिसावं म्हणून हॉलच्या खिडक्या लावून घेतल्या होत्या.

मी सांबऱ्याच्या विमानतळाजवळच्या एका मराठी शाळेत दुसरीला शिकवते. दुसऱ्याच दिवशी मण्यांची माळ घेऊन वर्गात गेले. तांबडा, हिरवा, तांबडा, हिरवा. पुढं कुठला? सगळा वर्ग ओरडला, "तांबडा!" मला हुरूप आला. म्हटलं, "आता सांगा, आपल्या आजूबाजूला असं परत परत काय येतं?"

मला सूर्य हवा होता. मला मिळालं ते असं: विमान. लाईट. आणि एकाची काकू.

"काकू कशी?"

"भांडून निपाणीला म्हायेरी जाती, बाई. मग येती. मग परत जाती."

प्रशिक्षणात दिलेली व्याख्या मी मनातल्या मनात तपासली. काकू तिच्यात चपखल बसत होती.

मग मी चंद्राकडे वळले. पहिल्या बाकावरची दोन वेण्यांची मुलगी उभी राहिली. "बाई, संकष्टीला चांद लई उशिरा येतोय. आई उपाशी असती, म्हणून ठाव हाय. पुनवेला लौकर येतोय, पर तवा आई जेवलेली असती."

चंद्राला जरा अक्कल कमी आहे, यावर वर्गाचं एकमत झालं.

इथवर सगळं निरीक्षणातून चाललं होतं. पण शनिवारी साहेब तपासणीला येणार असल्याचा निरोप आला, तेव्हा हेडमास्तर म्हणाले, "बाई, आता पुस्तकाचं घ्या." पुस्तकात होतं, सूर्य दिवसा दिसतो, चंद्र रात्री दिसतो. दोन दिवस आम्ही ते सुरात म्हटलं.

शनिवारी सकाळची शाळा. साहेब कानडी, पण मराठी छान बोलणारे, स्वभावानं मऊ. त्यांनी तक्त्यावरच्या चंद्राच्या कला पाहिल्या, मान डोलावली आणि विचारलं, "चंद्र केव्हा दिसतो, सांगा बघू?"

मी वर्गाला डोळ्यांनी खुणावत होते. शेवटी दोन वेण्या उठल्या.

"आत्ता."

"आत्ता नव्हे, बाळ. केव्हा दिसतो?"

"आत्ता, सर. त्यो बघा, टाकीवर हाय."

हेडमास्तर घाईनं म्हणाले, "लहान आहे ती, सर."

साहेब खिडकीपाशी गेले. पश्चिमेला, गावच्या पाण्याच्या टाकीवर, कडेला झिजलेला पांढुरका चंद्र स्पष्ट दिसत होता.

"ढग असंल," हेडमास्तर हळूच म्हणाले.

"ढग नाही हो," म्हणत साहेब पटांगणात गेले. त्यांच्यामागं अख्खी दुसरी गेली. साहेबांनी चष्मा काढून पुसला, परत घातला. चंद्र होता तिथंच. "असा दिवसा कसा काय?" त्यांनी मला विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत मुलगी म्हणाली, "काल संकष्टी झाली न्हवं का, सर? उशिरा आलाय, म्हंजे उशिरा जाणार की."

साहेब खळखळून हसले. "सरी, सरी," बरोबर आहे, असं कानडीत म्हणाले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. मला वाटलं, जिंकलो.

मग ऑफिसात चहा झाला आणि साहेबांनी शेरा लिहिला: मुले निरीक्षण उत्तम करतात. पुस्तकातील उत्तर मात्र पक्के करून घ्यावे.

वाईट वाटलं, पण राग आला नाही. परीक्षेचा पेपर वरून येतो, त्यात गाळलेली जागा असते आणि तिच्यात "रात्री" एवढाच शब्द मावतो. वर्गात जाऊन मी सांगितलं, "पेपरात रात्रीच लिहायचं."

"आणि दिवसा दिसला तर, बाई?"

"दिसला तर बघायचं. लिहायचं नाही."

त्यांना ते लगेच पटलं, याचंच मला जास्त वाईट वाटलं.

सोमवारी शाळेच्या दारातच साहेबांचा फोन आला. मी दचकले. पण ते हलक्या आवाजात बोलत होते. "बाई, आज पण आहे हो. बारीक झालाय, पण चांगला वर आहे. काल घरी मिसेसना दाखवला, तर त्या म्हणाल्या, तुम्हाला आज दिसला होय? मी सडा घालताना नेहमी बघते."

मी धीर करून म्हटलं, "मग सर, शेरा बदलायचा का?"

"छे छे," साहेब एकदम साहेब झाले. "तो पुढं गेला आता."

फोन ठेवून वर्गात गेले, तर पोरं खिडकीला लोंबकळत होती. चंद्र कुठल्या बाजूनं कमी झालाय यावर वाद पेटला होता. मी हजेरी बाजूला ठेवली आणि मधे घुसून जागा केली.