शिबिराची तारीख

लोकशाही मी गाईडच्या पथकात शिकले. ती कशी गुंडाळून ठेवतात, तेही तिथेच शिकले.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. आम्ही किनाऱ्यावरच्या घिवलीच्या चार-पाच मुली एसटीने बोईसरच्या शाळेत यायचो. पहिल्याच दिवशी गाईडच्या बाईंनी फळ्यावर सगळी रचना काढून दाखवली. खाली सात-आठ मुलींचा एक संघ, त्याची नायिका मुलींनीच निवडायची. सगळ्या नायिकांची मिळून मानसभा. पथकाने काय करायचं ते मानसभा ठरवणार, बाई नुसता सल्ला देणार. त्याच्यावर बोईसरची स्थानिक कमिटी, मग ठाण्याला जिल्हा, मुंबईला राज्य, दिल्लीला देश. आणि सगळ्यांत वर जगभरच्या देशांची परिषद. तिथे देश केवढाही असो, मत एकच. मी हरखूनच गेले. आमच्या घरात आज कालवण कसलं करायचं, हेसुद्धा मला कुणी विचारत नसे.

माझ्या मागून माझी चुलत बहीण पथकात आली. माझ्याहून तीन वर्षांनी लहान आणि माझ्याहून दसपट हुशार. मी दहावीला गेल्यावर मुलींनी तिलाच नायिका केलं. गाठी बांधण्यात तिचा हात कोण धरणार? जाळी विणणाऱ्याची पोर ती. तिला शिक्षिका व्हायचं होतं. राज्य पुरस्काराचं प्रमाणपत्र असलं की डी.एड.ला प्रवेश मिळायला सोपं जातं, असं बाई म्हणायच्या. काकाने शब्द दिला होता, "ता कागद आन, मग शिक हवा तितका. नाय आनलास तर लगीन." काका बोलला की बोलला.

पुरस्काराला सगळं होतं तिच्याकडे. फक्त एक शिबिर हवं होतं. आणि घोडं तिथेच अडलं, कारण शिबिर असायचं दिवाळीच्या सुट्टीत.

ज्यांना आमचा किनारा ठाऊक नाही त्यांना यात अडायचं काय ते कळणार नाही. दिवाळीच्या आसपास बोंबील नुसते लोटतात. होडी लागली की दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ते बांबूला बांधलेल्या दोरांवर टांगायचे, आणि तेही लगेच, नाहीतर मासळी सडते. त्या दिवसांत घरातली बाई आजारीसुद्धा पडत नाही. काकीला ही एकच पोर हाताशी. मलाही कधी दिवाळीचं शिबिर मिळालं नव्हतं, माझ्याआधी आमच्या गावातल्या कुठल्याच मुलीला मिळालं नव्हतं. पावसाळ्यात मात्र होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, नारळी पुनवेपर्यंत आम्ही रिकाम्या. श्रावणात शाळेच्या हॉलमध्ये चार दिवस शिबिर घेतलं असतं तर काय आभाळ कोसळणार होतं?

बहिणीने मानसभेत हेच मांडलं. चारही नायिकांनी हात वर केले. बाई म्हणाल्या, "ठराव छान आहे, पण तारीख कमिटी ठरवते." कमिटीकडे गेलं तर, "जिल्ह्याकडून कार्यक्रम येतो." बाई बिचाऱ्या एकदा ठाण्याला जाऊन आल्या. तिथे म्हणाले, मुंबईहून येतो. जो तो बोट वर दाखवायचा. त्या वरच्या कुणाला बोंबील सुकवताना पाहायला कोण नेणार होतं?

तेवढ्यात मला वाटलं, आमचं नशीब उघडलं. वरूनच कुठूनतरी सूचना आली, की मुलींच्या चळवळीचे निर्णय मुलींनीही घ्यावेत, प्रत्येक कमिटीवर एक तरुण मुलगी असावी. मी तेव्हा पालघरला कॉलेजात जात होते आणि सुट्टीच्या दिवशी पथकाला मदत करत होते. कमिटीने मला घेतलं. कोळ्याची मुलगी, म्हणजे अहवालात शोभून दिसते.

कमिटी भरायची अध्यक्षीणबाईंच्या बंगल्यावर. त्या बोईसरच्या अणुवीज केंद्राच्या कॉलनीतल्या एका बड्या साहेबांच्या पत्नी. पहिल्या सभेला मी खुर्चीवर बसले, तर एक सदस्यबाई म्हणाल्या, "बेटा, जरा चाय देख लो ना अंदर." मी चहा आणला. दुसऱ्या सभेलाही आणला. तिसऱ्या सभेत मी उठले आणि पावसाळी शिबिराचा ठराव मांडला. नियमावली वाचून गेले होते. स्थानिक परिस्थिती पाहून शिबिराची वेळ ठरवावी, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. मी ते वाचून दाखवलं.

सगळ्यांनी माना डोलावल्या. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "किती सुंदर बोलली!" टाळ्या वाजल्या. ठराव एकमताने मंजूर झाला. मी बोईसरहून घरी गेले ती उडतच. बहिणीला सांगितलं तर तिने माझ्या हातातली पिशवी काढून घेतली आणि मला गच्च मिठी मारली. तिच्या हातांना बोंबलाचा वास होता.

श्रावण आला नि गेला. मी विचारायला गेले. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "अगं, ठराव झालाय ना? पण पावसात मुलींच्या तब्येती कोण सांभाळणार? पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षीही बघितलंच. मंजूर करून तोंडाला पानं पुसायची ही तऱ्हा मी तोवर पाहिली नव्हती. नाही म्हणाल्या असत्या तर भांडता तरी आलं असतं. होय म्हणणाऱ्याशी कसं भांडायचं?

बहीण दहावी झाली. कागद नव्हता. मी काकाच्या पाया पडले, एक वर्ष थांब म्हणून. तो म्हणाला, "तुजी कमिटी थांबली काय माज्या पोरीसाटी?" त्या माघात तिचं लग्न झालं, शेजारच्याच गावात, होडीवाल्याच्या घरी. नवरा वाईट नाही. पण हळदीच्या दिवशी तिच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

मी कमिटी सोडायला हवी होती, असं लोक म्हणतात. का सोडू? ती जागा तेवढी एकच होती आमच्या बाजूची, आणि चहा आणणं मी केव्हाच बंद केलं होतं.

दोन वर्षांनी अध्यक्षीणबाईंनी सभेत विषय काढला. कॉलनीतली माणसं कुठली कुठली, दिवाळीत सगळी आपापल्या गावी जातात, त्यामुळे शिबिराला कॉलनीच्या मुली मिळत नाहीत. "नियमावलीत आहेच ना, स्थानिक परिस्थिती पाहून..." त्यांनी तेच वाक्य म्हटलं, मी वाचलेलं, अगदी पाठ असल्यासारखं. ठाण्याला विचारायचं, मुंबईला विचारायचं कुणाच्या मनातही आलं नाही. चहा संपायच्या आत तारीख ठरली. श्रावणात. शाळेच्या हॉलमध्ये.

शिबिर झालं आणि चांगलं झालं, खोटं का बोलू? कुणी आजारी पडलं नाही. घिवलीच्या तीन मुलीही आल्या. मी व्यवस्थेला होते. तिसऱ्या दिवशी पाऊस जरा उघडला होता, तेव्हा फाटकाशी बहीण दिसली. डोक्यावर सुक्या बोंबलांची टोपली, बोईसरच्या बाजाराला निघाली होती. मी तिला आत बोलावलं. तिने टोपली व्हरांड्यात उतरवली आणि दारातून मुलींकडे बघत उभी राहिली. आत गाठींचा तास चालला होता. एका मुलीची गाठ सारखी सुटत होती. बहिणीची बोटं लुगड्याच्या पदराशी चाळा करत होती, आणि बघते तर पदराच्या टोकाला तीच गाठ, नीट बसलेली.

"पावसात घेतला शिबिर?" ती म्हणाली.

"हो."

"कोनी ठरवला?"

"कमिटीने."

तिने पदराची गाठ सोडवून टोपलीला हात घातला.

"तवा पन तू कमिटीतच व्हतीस ना?"

मी टोपली उचलायला हात लावला. ती म्हणाली राहू दे, आणि स्वतःच डोक्यावर घेऊन गेली.