फूलकाकूंची खूण

फूलकाकूंचा सगळा जन्म फुलांत गेला, पण जागेपणी त्यांनी एकाही फुलाचा वास घेतला नव्हता. देवाला जायचं फूल आधी माणसानं हुंगायचं नाही, हा त्यांचा नियम. गिऱ्हाइकानं मोगरा नाकाशी नेला, की तो गजरा बाजूला काढून त्या म्हणायच्या, "हा आता तुमीच घाला. देवाले दुसरा देते."

अमरावतीत मी त्यांचा भाडेकरू होतो. त्याच वर्षी अकोल्याला आई गेली. निरोप आला तसा निघालो, पण एसटी मूर्तिजापूरजवळ बंद पडली आणि मी पोचेपर्यंत तिनं डोळे मिटले होते. शेवटचं बोलणं राहिलं ते राहिलंच. पुढे मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला: झोपेत असतानाच 'हे स्वप्न आहे' असं ओळखता आलं, तर हव्या त्या माणसाला भेटता येतं. मला आईला एकदा भेटायचं होतं. मी शिकायला बसलो.

व्हिडिओतला गुरू सांगे, दिवसातून अधूनमधून नाक चिमटीत धरून श्वास घेऊन बघा. जागे असाल तर कोंडेल, स्वप्नात असाल तर खुशाल चालेल. सवय लागली की स्वप्नातही हात आपोआप नाकाकडे जाईल. मी इमानेइतबारे नाक धरू लागलो. ऑफिसात साहेबांसमोर धरलं, तर दुसऱ्या दिवसापासून ते अत्तर लावून येऊ लागले. एका सकाळी काकूंच्या दुकानासमोर धरलं, आणि शेवंती घ्यायला आलेल्या दोन बायका माझ्याकडे बघून पुढच्या दुकानात गेल्या.

"नाक काहून धरून राहिले, भाऊ? माही शेवंती सडली का?"

मी ओशाळून सगळं सांगितलं. वाटलं, हसतील. त्या हार ओवता ओवता म्हणाल्या, "मले तं कळते सपनात. सपनात मी मोगरा हुंगते. हुंगला का समजते, आपुन झोपलो आहो."

"मग काय करता?"

"अजून हुंगते. तिथं कोन पाहते?"

दर रविवारी दुपारी मी कूलरसमोर आडवा होऊन साधना करू लागलो. बहुतेक वेळा स्वप्नात ऑफिसच यायचं आणि मी तिथेही मुकाट्यानं काम करायचो. एकदा मात्र नाक धरलं आणि श्वास चालू! स्वप्न ओळखलं. एवढा हर्ष झाला, की आईला शोधायचं सोडून मी आधी काकूंना सांगायला जिना उतरू लागलो आणि निम्म्या जिन्यातच जागा झालो. स्वतःच्या अकलेची कीव आली.

काकूंना सांगितलं, तर म्हणाल्या, "मी का कुठी पळून चालली होती?"

पुढे माझी अकोल्याला बदली झाली. गेल्या हिवाळ्यात काकू गेल्या. अमरावतीला पोचलो, तेव्हा अंगणात त्यांच्याच दुकानातल्या फुलांत त्यांना ठेवलं होतं. मला रडू आवरेना. भाडेकरूनं इतकं रडावं का, असं पाहुण्यांना वाटलं असावं. मला त्या फार हव्या होत्या.

त्यानंतर एका दुपारी अकोल्याच्या घरी डोळा लागला. स्वयंपाकघरात आई मेथी निवडत होती आणि शेजारी फूलकाकू बसल्या होत्या. दोघी हयातीत कधी भेटल्या नव्हत्या. हे स्वप्न आहे, हे मला दारातच कळलं. इतके दिवस जमवलेल्या बोलण्यातलं एकही वाक्य आठवेना.

आईनं मान वर केली. "आला का रे?"

"आलो, आई."

काकूंनी मेथीची एक जुडी माझ्याकडे सरकवली आणि मी निवडायला बसलो.