ग्रीन बिनमधला भाकरतुकडा

भुताखेतांच्या गोष्टी ऐकून मी आजवर हसतच आले. सॉफ्टवेअर टेस्टिंग हा माझा पोटापाण्याचा उद्योग. जो प्रॉब्लेम पुन्हा करून दाखवता येत नाही तो प्रॉब्लेमच नव्हे, असं मानणारी मी बाई. तरी हे लिहितेय...

आम्ही परदेशात, रिचमंड हिलला राहतो – मी, नवरा, सहा वर्षांची इरा आणि नागपूरहून आलेल्या सासूबाई. गेल्या ऑक्टोबरात इंग्लंडला नणंदेकडे गेलो होतो. तिच्या गावाबाहेर अँग्लो-सॅक्सन काळातला, हजारेक वर्षांपूर्वीचा मातीचा बांध आहे. उंच बांध, त्याला लागून खोल खंदक. कुठल्याशा राज्याची शीव होती म्हणे. बराचसा नांगराखाली गेलाय, एक तुकडा तेवढा उरलाय. गावाला नकोशी झालेली माणसं पूर्वी अशा शिवेवरच पुरायचे, असं नणंद सांगत होती. तेवढ्यात खंदकात उतरलेली इरा वर आली, ती एक हात बाजूला धरून. कुणाला तरी सोबत आणावं तशी.

आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, ते पाहिलं.  इथे घरी पोचल्यावर इराला दारातच थांबवून त्यांनी फ्रीझरमधल्या भाकरीचा तुकडा तिच्यावरून ओवाळला आणि मला म्हणाल्या, लांब टाकून ये, मागे बघू नकोस. बाहेर मरणाची थंडी, त्यात रस्त्यावर अन्न टाकलं की शेजारी कम्प्लेंट करणार. मी आपली गॅरेजमध्ये गेले आणि तुकडा सरळ ग्रीन बिनमध्ये टाकला. ओला कचरा ओल्या कचऱ्यात!

दुसऱ्या दिवसापासून इरा जेवेना. घरातून गॅरेजमध्ये उघडणाऱ्या दारापाशी बसून राहायची, ताटातला घास दाराच्या फटीशी ठेवायची. अंगात ताप. डॉक्टर म्हणाले, व्हायरल आहे. पोर डोळ्यांदेखत वाळत चालली आणि माझं हसणं पार आटलं. शेवटी मी विचारलं, कोण आहे तिथे?

"शी केम विथ मी, मम्मा. आय टोल्ड हर अवर हाउस इज बिग."

आईंनी मला तुकडा कुठे टाकलास ते विचारलं. मी सांगितलं. त्या म्हणाल्या,

"अगं, म्हणजे तू तिला घरातच ठेवलंस."

दुसऱ्या दिवशी कचऱ्याची गाडी यायची होती. उजाडल्यावर मी बिन ओढत बाहेर काढली. आत फारसं काही नव्हतं, ड्राइव्हवेला उतार... तरी जड लागत होती. आणि अर्ध्या वाटेत माझ्या मोकळ्या हातात एक हात आला. लहान, गारठलेला. मी ग्लव्ह घातला होता, तरी बोटं स्पष्ट कळली.  मागे न बघता चालत राहिले, बिन रस्त्याकडेला उभी केली, हात सोडवला आणि घरात पळत येऊन दार लावून घेतलं.

गाडी आली, बिन रिकामी करून गेली. दुपारी इराने स्वतःहून वरणभात मागितला.

व्हायरल उतरला असेल. जेट लॅग, टेन्शन, थंडीने बधिर झालेला हात – नवऱ्याकडे सगळी उत्तरं तयार आहेत, आणि एरवी मीही तीच दिली असती. इराला आता काही आठवत नाही. मला मात्र त्या हाताचं काय करावं ते कळत नाही. त्यात ओढाताण नव्हती, झटापट नव्हती. आईबरोबर चाललेलं मूल धरतं, तसा धरला होता. तिला वाटलं असणार, मी तिला घरात घेऊन चाललेय.